आठवड्याची व्हिटॅमिन डीची गोळी बाजाराच्या दिवशी
घरातल्या मोठ्यांना डॉक्टर ६०,००० युनिटची गोळी आठवड्यातून एकदा लिहून देतात, ती एकतर विसरतात नाहीतर बीपीच्या गोळीसोबत रोज घेऊन मोकळे होतात, जे जास्त वाईट.

१. गोळीचा वार बाजाराशी जोडा. गोव्यात म्हापशाकडचे असाल तर तिथल्या बाजाराचा शुक्रवार, तो कुणी विसरत नाही.
२. पाकीट रोजच्या डब्यात नकोच, वेगळं ठेवा आणि प्रत्येक गोळीमागे मार्करने तारीख घाला, म्हणजे घेतली की नाही ते लगेच दिसतं.
३. दुपारी हुमण-भात (खोबऱ्याची माशांची आमटी आणि भात) जेवल्यावर द्या, खोबऱ्यातल्या तेलामुळे ती अंगाला नीट लागते, सकाळच्या नुसत्या चहावर नको.

शुक्रवार चुकला तर आठवेल तेव्हा एकच द्या, दोन एकदम नाही. मुतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना नक्की विचारा.