नळाला मीटर बसवताना

मी परवानाधारक प्लंबर. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "स्वस्तातला चालेल ना?" नाही चालणार. अर्धा इंची घरगुती जोडणीला आयएस ७७९ या भारतीय मानकाचा, आयएसआय मार्कवाला मीटरच घ्या. पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात कुठला मेक चालतो ते आधी विचारा. चाचणीच्या दाखल्यावरचा नंबर मीटरवरच्या नंबराशी दुकानातच ताडून पाहा.

बसवण्याआधी पाइप धुऊन काढा. नव्या लाइनीतली वाळू, सुताचे धागे जाळीत अडकले की मीटर रुसतो. मीटर आडवा, तबकडी वर, बॉडीवरचा बाण पाण्याच्या दिशेने. एल्बोला, म्हणजे पाइपच्या वळणाच्या जोडाला, चिकटवू नका: १५ मिमीच्या मीटरला अलीकडे व्यासाच्या दहापट, म्हणजे १५ सेंमी सरळ पाइप सोडा, पलीकडे निम्मा. आणि लाइनीला थेट पंप जोडायचा हट्ट धरलात, तर मी निघालो!

सीलला हात लावायचा नाही. ते विभागाचा माणूस लावतो. त्याच्यासमोरच सुरुवातीचं रीडिंग लिहून फोटो काढा. काळे आकडे हजार लिटरचे, लाल त्याखालचे. सगळे नळ आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद असतानाही लाल काटा फिरला, तर गळती तुमच्याच बाजूला आहे.