बाईकच्या इंजिनाची ट्रॅक कार, कमी पैशात: आम्ही दोन उन्हाळ्यात काय शिकलो

आमचं गाव दारव्ह्याकडे, यवतमाळ जिल्हा. इकडे रेसिंगचा ट्रॅक वगैरे काही नाही, कोइम्बतूरचा कारी असो, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाई असो की ग्रेटर नोएडाचा बुद्ध, सगळे हजारेक किलोमीटर लांब. पण आमच्याकडे जिनिंग फॅक्टरीचं सिमेंटचं आवार आहे, कापसाचा सीझन संपला की एप्रिल-मे मध्ये ते मोकळं असतं आणि मालक ओळखीचे, त्यांनी परवानगी दिली म्हणून बाईकच्या इंजिनावरची ही आमची घरी बनवलेली कार चालली. मी आयटीआयला मोटर मेकॅनिक केलं, मग ट्रॅक्टरच्या गॅरेजवर काम. गाडीला एकूण एक लाख अठरा हजार गेले, त्यातले तेवीस हजार निव्वळ एका चुकीचे, ती पुढे सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. सुटं इंजिन घेऊ नका. मी पण आधी सुटंच शोधत होतो, स्वस्त पडते म्हणून, पण मग वायरिंग, सीडीआय म्हणजे ठिणगी सांभाळणारा डबा, कॉइल, कार्बोरेटर, ऑइल कूलर, किल्लीचं लॉक हे एकेक जमवता जमवता दुप्पट पैसे जातात आणि एखादी वायर जुळतच नाही. त्यापेक्षा समोरून ठोकलेली अख्खी बाईक घ्या. आम्ही पल्सर २२० घेतली, फोर्क वाकलेला पण इंजिन चालू, आणि चालू करून दाखवल्याशिवाय पैसे दिले नाही. आरसी मालकाच्या नावाची, इंजिन नंबर जुळवून, लिहून घेऊन. हे कागद टाळू नका, चोरीचं इंजिन निघालं तर सगळी मेहनत पोलीस ठाण्यात जाऊन बसते.

गाडीचा पुढचा भाग मारुती ८०० चा. नकल म्हणजे पुढचं चाक ज्याच्यावर बसून वळते तो भाग, हब, डिस्क, स्टिअरिंग रॅक, मास्टर सिलिंडर, चार रिम, सगळं एकाच भंगार गाडीतून काढलं. ब्रेकचा बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमनं पॅडल हलकं करणारा डबा, ठेवला नाही, आमच्या एका सिलिंडरच्या इंजिनाच्या व्हॅक्यूमवर माझा भरवसा नव्हता. पॅडल कडक लागते पण गाडी माणसासकट साडेतीनशे किलोच्या आत आहे, थांबते व्यवस्थित.

चेसिस आमच्या गावच्या वेल्डिंगवाल्या काकांनी केलं. ते आयुष्यभर ट्रॉल्या, वखरं, पेरणी यंत्रं बनवतात. मी ड्रॉइंग घेऊन गेलो आणि लगेच एक बाजू पुरी वेल्ड करायला लागलो, तर काकांनी होल्डर हातातून घेतला, म्हणे, "अबे पोट्ट्या, असं केलं तं पाईप ओढते, वाकडी होते. आधी समद्या सांध्याले टाके मार, मंग कर्ण मोज, मंगच पुरी वेल्डिंग." गुण्या, ओळंबा आणि गवंड्याची पाण्याची नळी एवढ्यावर आम्ही चेसिस सरळ केलं, दोन्ही कर्णांत ३ एमएमचा फरक राहिला. वेल्डिंग रात्री दहानंतर करायचो, दिवसा व्होल्टेज पडते आणि रॉड चिकटते. डोक्यावरच्या हूपला, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या पाईपच्या कमानीला, पैसे वाचवू नका बरं, तिथे स्टुडंट फॉर्म्युला या कॉलेजच्या पोरांच्या रेस कार स्पर्धेच्या नियमात असते तशी २५.४ एमएम बाहेरची आणि २.४ एमएम जाडीची पाईप घेतली, बाकी ठिकाणी पातळ चालली.

मागचा एक्सल अखंड, वळणावर दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल नाही. ४० एमएमचा शाफ्ट आणि २०८ नंबरचे बेअरिंग ब्लॉक, ते कृषी साहित्याच्या कोणत्याही दुकानात मिळतात. दोन्ही चाकं एकत्र फिरतात म्हणून वळणावर पुढचा भाग बाहेर जातो, त्याची सवय करावी लागते. चेन सीटच्या मागून जाते, ती तुटली तर थेट पाठीत, म्हणून मध्ये ३ एमएमची लोखंडी पट्टी, चेनच्या रुंदीच्या तिप्पट रुंद. ही पट्टी नसेल तर गाडीत बसूच नका.

गिअरिंगचा हिशोब कागदावर करा. बाईकचं मागचं चाक बाहेरून सुमारे ६२ सेंमी, आमचं १२ इंची रिमचं चाक टायरसकट ५१ सेंमी, म्हणजे चाक लहान असल्यानं ताकद आपोआप थोडी वाढते. पण वजन बाईकच्या दुप्पट झालेलं असते, ते सगळं क्लचवर येते. आम्ही मागचं स्प्रॉकेट मोठं केलं, नाहीतर उठतानाच क्लच प्लेटा जळत होत्या, वास यायचा.

आता ती तेवीस हजाराची चूक. बाईक वळणावर झुकते, म्हणून इंजिनातलं तेल तिच्यासोबत तळाशीच राहते. कार झुकत नाही. तिच्यात तेल इंजिनाच्या एका बाजूच्या भिंतीवर चढते, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. मी हे वाचलेलं होतं पण वाटलं एवढ्याशा आवारात काय होणार. शिवाय इंजिन थोडं मागे तिरपं बसवलं होतं, चेन जुळावी म्हणून. आवारात आम्ही गोल गोल, एकाच बाजूनं, वीसेक मिनिटं फिरवली, मे महिना, उन्हाचा पारा पंचेचाळीसकडे. आवाज आधी बारीक टकटक, मग ठोके. बंद केलं तोवर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं. तेल काढलं तर त्यात चमकी, म्हणजे झिजलेल्या धातूचे कण, तरंगत होती, बोटाला सोनेरी लागत होती. त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

दुसऱ्या वेळी इंजिन बाईकमध्ये होतं त्याच कोनात बसवलं, त्यासाठी माउंट कापून नवीन केले आणि चेन ताणायला वेगळा टेन्शनर. तेल ठरल्यापेक्षा शंभर मिली जास्त. ऑइल कूलरच्या लाईनमध्ये टी आकाराचा जोड टाकून तेलाच्या प्रेशरचं गेज, अगदी डोळ्यासमोर. होंडा सीबीआर ६०० सारख्या बाईकच्या इंजिनाला खाली सुटं संप, म्हणजे तेलाचं भांडं, असते, त्यात आडव्या पट्ट्या टाकता येतात, आमच्यात केस फोडल्याशिवाय ते जमत नाही. म्हणून ट्रॅकच बदलला, गोलाच्या जागी इंग्रजी आठ, म्हणजे तेल एकाच बाजूला जास्त वेळ राहत नाही.

जिनिंगमध्ये चालवणार असाल तर आधी झाडू मारा, खरंच. रुईचे पुंजके सायलेन्सरला लागले की पेट घेतात आणि कूलरच्या जाळीत अडकले की तेल गरम होते. आम्ही दर दहा फेऱ्यांनी थांबून कूलर हातानं साफ करतो. ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही, गावातल्या गावातही नाही. आवारापर्यंत ट्रॉलीत टाकून नेतो.

यंदा मे मध्ये सकाळी सहाला गेलो, ऊन चढायच्या आत. काका अग्निशामक घेऊन कडेला उभे, धाकटा भाऊ फेऱ्या मोजत होता. चाळीस फेऱ्या झाल्या, गेजचा काटा वळणावर थोडा हलायचा पण पडला नाही. घरी येऊन गरम तेल काढलं आणि पांढऱ्या फडक्यातून गाळलं. काळं होतं, पण चमक एक कण नव्हती. फडकं आईच्या जुन्या लुगड्याचं होतं, ते मी धुतलं नाही, गॅरेजमध्ये खिळ्याला टांगून ठेवलंय.