बेटावरचं मेडिकल कॉलेज: पैसे भरण्याआधी या चुका टाळा

नीटचा निकाल लागला की परदेशी एमबीबीएसच्या एजंटांचे सेमिनार सुरू होतात. पडद्यावर निळा समुद्र, पांढऱ्या कोटातली मुलं आणि खाली ठळक ओळ: 'सरकारमान्य विद्यापीठ'. हे सरकार म्हणजे कॅरिबियनमधल्या एखाद्या देशाचं, ज्याची लोकसंख्या आपल्या तालुक्यापेक्षा कमी असू शकते. ती ओळ बऱ्याचदा खोटी नसतेच. पालक फसतात ते तिच्यातून नको तेवढा अर्थ काढल्यामुळे.

परवान्याला दर्जाचा दाखला समजू नका

सरकारी चार्टर किंवा शिक्षण खात्याचं पत्र म्हणजे संस्था चालवायची परवानगी, इतकंच. शिकवायला कोण आहे, हॉस्पिटलात पेशंट येतात का, हे कुणी तपासलंय की नाही, ते त्या पत्रातून कळत नाही. ती तपासणी वेगळी संस्था करते. कॅरिबियन देशांच्या कॅरिकॉम या गटाने वैद्यकीय शिक्षणासाठी सीएएएम-एचपी ही संस्था उभी केली आणि २०१२ मध्ये तिला जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची मान्यता मिळाली. कॉलेजचं नाव तिच्या यादीत आहे का, मान्यता पूर्ण आहे की सशर्त, कुठल्या वर्षापर्यंत आहे, हे तिच्याच संकेतस्थळावर पाहा. कॉलेजच्या माहितीपत्रकातला लोगो पुरेसा नाही.

देश लहान म्हणून विद्यापीठ बोगस, असंही धरून चालू नका. ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावरचं सेंट जॉर्जेस विद्यापीठ १९७६ मध्ये तिथल्या संसदेच्या कायद्याने स्थापन झालं आणि त्याचे हजारो पदवीधर अमेरिकेत डॉक्टर आहेत. दुसरीकडे, आफ्रिकेतल्या लायबेरियाची मान्यता मिरवणारी सेंट रीजिस युनिव्हर्सिटी प्रत्यक्षात अमेरिकेतल्या स्पोकेन शहरातून एक दांपत्य चालवत होतं. पैसे टाका, पदवी घ्या, असा धंदा. मान्यतेसाठी लायबेरियाच्या अधिकाऱ्यांना लाच दिल्याचंही उघड झालं आणि २००८ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला. सरकारी कागद दोन्हीकडे होता.

'एनएमसी अप्रूव्हड' ऐकून सही करू नका

एनएमसी म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग. तो कुठल्याही परदेशी कॉलेजला अप्रूव्हल देत नाही. आयोगाचे आहेत ते नियम, १८ नोव्हेंबर २०२१ चे, आणि ते विद्यार्थ्याला लागू होतात. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. माध्यम इंग्रजी. ज्या देशाची पदवी आहे त्याच देशात, तिथल्या नागरिकांसारखाच, डॉक्टरकीचा परवाना मिळायला हवा. शिवाय प्रशिक्षणाचा कुठलाही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात झालेला चालत नाही.

खरी मेख या शेवटच्या दोन अटींत आहे. कॅरिबियनमधल्या बऱ्याच कॉलेजांची रचनाच अशी की पहिली दोन वर्षं बेटावर आणि पुढचं क्लिनिकल शिक्षण अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत. अमेरिकेत स्थायिक व्हायचं असेल तर हा मार्ग अनेकांनी यशस्वीपणे घेतला आहे. पण शिकून पुण्या-सोलापुरात प्रॅक्टिस करायची असेल, तर याच रचनेमुळे अडायला होतं. कॉलेज अस्सल, पदवी अस्सल, तरी भारतात नोंदणी नाही, असं होऊ शकतं. एवढी मोठी गोष्ट सेमिनारमध्ये सांगितली जात नाही याची मला मनापासून चीड येते, कारण त्या फीसाठी घरं जमिनी विकतात.

म्हणून 'कॉलेज मान्यताप्राप्त आहे का?' एवढंच विचारून थांबू नका. कुणाची मान्यता, कशासाठी आणि कुठल्या देशात उपयोगाची, हे विचारा.

शिक्क्यांनी हुरळून जाऊ नका

अपोस्टिल म्हणजे परदेशात कागदपत्र चालावं म्हणून त्यावर लावलेला सरकारी दाखला. त्याचा चौकोन नीट वाचा. त्यात दहा नोंदी असतात: देश, सही कोणाची, कोणत्या अधिकाराने, शिक्का कुणाचा, वगैरे. सही-शिक्का खरा आहे, एवढीच ग्वाही त्यातून मिळते. आतल्या पदवीबद्दल त्यात अवाक्षर नसतं. वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स या जगभरच्या मेडिकल कॉलेजांच्या यादीत नाव असणं म्हणजेही मान्यता नव्हे. युनेस्को कुठल्याही विद्यापीठाला मान्यता देत नाही. आणि संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी नुसतं 'डॉट एसी' असेल तर ते असेन्शन नावाच्या बेटाचं डोमेन आहे. आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांच्या 'डॉट एसी डॉट इन'शी त्याचा संबंध नाही.

ॲडमिशन आधीच झालं असेल तर

पुढचा हप्ता लगेच पाठवू नका. त्या देशाच्या मेडिकल कौन्सिलला मुलाच्या नावाने ईमेल करा आणि एकच प्रश्न विचारा: या कॉलेजातून पास झालेल्या भारतीय नागरिकाला तुमच्या देशात, तुमच्या नागरिकाप्रमाणेच, प्रॅक्टिसचा परवाना मिळतो का? उत्तर लेखी घ्या. एजंटने पुढे पाठवलेला स्क्रीनशॉट चालणार नाही. क्लिनिकल पोस्टिंग आणि इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात, कुठल्या देशात, हेही कॉलेजकडून लेखी मागा. मधेच दुसऱ्या कॉलेजात बदली करून देतो, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पूर्ण शिक्षण एकाच संस्थेत हवं, ही आयोगाची अट त्याने मोडते.

तो देश ज्या भारतीय दूतावासाच्या अखत्यारीत येतो, त्यालाही पत्र लिहा. दूतावास शेजारच्या देशात असू शकतो. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या देशाचं काम मेक्सिकोतला भारतीय दूतावास पाहतो, आणि त्याने कळवल्यावरच आयोगाने २०२५ मध्ये बेलीझमधल्या तीन संस्थांत प्रवेश घेऊ नका, अशी जाहीर सूचना काढली.