आडनाव एक, घराणी अनेक

पाटील, चव्हाण, जाधव ही आडनावे कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावी असल्याने, समान आडनावाच्या ऑनलाइन अभ्यासकांना केवळ आडनाव कळवून वंशावळ जुळत नाही. पहिल्याच संदेशात मूळ गाव, तालुका, कुलदैवत, देवक (लग्नकार्यात पुजले जाणारे कुळाचे चिन्ह) आणि पणजोबांचे वडिलांच्या नावासह पूर्ण नाव लिहावे; आपल्याकडे जोतिबा अनेक घराण्यांचे कुलदैवत असल्याने देवकाची माहिती अधिक निर्णायक ठरते.

त्यासोबत वारसनोंदीचा जुना फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदल नोंदवणाऱ्या गाव नमुना ६ मधील उतारा, जोडावा, कारण ‘मयत अमुक, वारस मुलगे’ एवढ्या एका ओळीत दोन पिढ्या पुराव्यानिशी सापडतात. मजकूर मोडी लिपीत असल्यास पूर्ण पानाचे स्वच्छ छायाचित्र पाठवावे.

हयात नातेवाइकांच्या जन्मतारखा व आधार क्रमांक मात्र कोणालाही देऊ नयेत.