सोसलेल्यांनी परक्याच्या मदतीला कसे जावे

ज्याने स्वतः सोसले त्यालाच दुसऱ्याचे दुःख कळते, असे आपण सहज बोलून जातो. ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ ही म्हणही त्याच समजुतीवर उभी आहे. मात्र सासुरवास भोगलेली सून पुढे स्वतः सासू झाली की तोच जाच करते, हेही आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. तेव्हा मोठे आजारपण, बेकारी, कर्ज किंवा एखादी आपत्ती यांतून बाहेर पडून आता अनोळखी माणसाच्या उपयोगी पडू इच्छिणाऱ्याने, आपला अनुभव आपोआप दयाळूपणा शिकवील, असे गृहीत धरू नये.

मानसशास्त्रातील अभ्यासही दोन्ही बाजू दाखवतात. डॅनियल लिम आणि डेव्हिड डेस्टेनो यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांच्यावर अधिक तीव्र संकटे येऊन गेली होती त्यांच्यात सहानुभूती अधिक आढळली आणि ती प्रत्यक्ष मदतीतही उतरली. त्याच्या आदल्याच वर्षी रेचेल रटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र वेगळे काही नोंदवले होते. काम न मिळाल्यामुळे अखेर अमली पदार्थ विकू लागलेल्या माणसाची गोष्ट वाचून, बेकारीतून पूर्वी बाहेर पडलेल्यांना, कधीच बेकार न झालेल्यांपेक्षाही कमी कणव वाटली. लहानपणी दांडगाई सोसलेल्यांना, तशाच छळाला धीराने तोंड देणाऱ्या मुलाविषयी अधिक आपुलकी वाटली. पण तोल सुटून हिंसक झालेल्या मुलाविषयी कमी. संकट सरले की ते किती असह्य होते याची आठवण बोथट होते आणि आपण ते निभावले एवढेच लख्ख उरते, असा याचा उलगडा केला जातो.

म्हणून पहिले काम घरी बसून करण्याचे आहे. आपल्या संकटाचा शेवट बाजूला ठेवून, त्यातला सर्वांत वाईट काळ आठवावा आणि लिहून काढावा: त्या दिवसांत नेमके काय अडले होते, कोणाचे कोणते वाक्य लागले, कोणत्या कार्यालयात कोणता कागद नाही म्हणून परत यावे लागले आणि कोण न बोलता जेवणाचा डबा ठेवून गेले. हा कागद म्हणजेच आपल्यापाशी असलेले खरे भांडवल होय. ‘आम्ही नाही का काढले दिवस?’ हे वाक्य ओठांवर येऊ लागले की तो पुन्हा वाचावा.

अनुभवाचा असा उपयोग कसा होतो, याचे मराठवाड्यातील उदाहरण मुद्दाम सविस्तर पाहण्यासारखे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली. पुढे सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली, तर इतर असंख्य गावांत जुनी घरे दुरुस्त करून मजबूत करण्याचे काम चालले. या कामात गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. अनुदान कसे मिळते, बांधकाम नीट होते आहे की नाही हे कसे ओळखावे, अधिकाऱ्यांपुढे प्रश्न कसा मांडावा, हे त्या शिकल्या आणि शेजारणींना शिकवू लागल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले, तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने लातूर-उस्मानाबादकडील अशा स्त्रिया तिकडे गेल्या. भाषा वेगळी, मुलूख वेगळा, कोणी ओळखीचे नाही. तरीही पडलेल्या घरांच्या स्त्रियांना पुनर्बांधणीत स्वतः भाग घेण्याचा मार्ग त्या स्वानुभवावरून सांगू शकल्या. माझ्या मते त्यांच्या समदुःखापेक्षा हे ज्ञान अधिक मोलाचे होते, कारण सांत्वन करणारे पुष्कळ भेटतात. यादीत नाव नसेल तर पुढे काय करायचे, हे सांगणारे क्वचितच.

प्रत्यक्ष भेटीत ‘तुमचे दुःख मला कळते’ असे म्हणण्याऐवजी ‘आज सगळ्यांत जास्त अडले आहे ते काय?’ असे विचारावे. आपली कहाणी समोरच्याने विचारल्यावरच सांगावी, तीही थोडक्यात, आणि त्याच्या अडचणीशी संबंध असलेल्या भागापुरती. जो धीराने वागतो आहे त्याच्याशी आपले सूर सहज जुळतात. दारूच्या आहारी गेलेला, उपचार मध्येच सोडलेला किंवा आपल्यावरच चिडणारा माणूस समोर आला की आपला अनुभवच त्याचा न्यायाधीश होऊन बसतो. अशा वेळी मदत द्यावी की नाही याचा निर्णय एकट्याने घेऊ नये. त्या संकटातून न गेलेल्या एखाद्या सहकाऱ्याचे मत विचारावे.

स्वतःची जखम ताजी असेल तर जाण्याची घाई नको. नाझी राजवटीतील हंगेरीत, ज्यूंना वाचवणारे स्वीडिश मुत्सद्दी राऊल वॉलेनबर्ग यांच्या संरक्षणपत्रांमुळे बालपणी वाचलेले मानसशास्त्रज्ञ एर्विन स्टॉब यांनी ‘दुःखातून जन्मणारा परोपकार’ ही कल्पना मांडली. सोसलेल्या माणसाला कोणाची तरी मदत मिळालेली असणे आणि त्याचे मन काहीसे सावरलेले असणे यांवर ते विशेष भर देतात. ज्याला असा आधार मिळाला नाही, त्याने आधी आपल्यासारख्यांच्या गटात बसावे आणि मदतच करायची असेल तर अर्ज भरणे, फोन करणे, औषधे आणून देणे अशी कामे पत्करावीत.

गरजवंत पुष्कळ असले की हात गळतात, हा सर्वांचाच अनुभव आहे. लिम आणि डेस्टेनो यांच्या २०२० मधील अभ्यासात, संकटे सोसलेल्यांची कणव पीडितांची संख्या वाढल्यावरही तितकीशी ओसरली नाही, आणि त्याचा संबंध ‘माझ्या मदतीने काही फरक पडेल’ या विश्वासाशी दिसला. हा विश्वास टिकवायचा तर काम लहान आणि पुरे होणारे निवडावे: रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात बसलेल्या एका कुटुंबाला समाजसेवा विभागापर्यंत घेऊन जाणे, तिथल्या योजनेसाठी कोणती कागदपत्रे लागतील ते विचारणे, ती एका कागदावर मराठीत लिहून त्यांच्या हाती देणे, आणि ती जमली का, हे दोन दिवसांनी पुन्हा विचारणे.