चॉपी पाण्यात सुटलेला बोर्ड: नव्या काइटसर्फरसाठी

काइटसर्फिंग, म्हणजे काइटच्या (मोठ्या पतंगाच्या) ओढीने बोर्डवरून पाण्यावर सरकणं, शिकणाऱ्याला वॉटरस्टार्ट, म्हणजे पाण्यातून बोर्डवर उठणं, जमू लागला, बोर्डवर चार-पाच सेकंद उभं राहता यायला लागलं, की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "बोर्ड सारखा सुटतोय, त्याला दोरी बांधू का?" गोव्यात आणि रामेश्वरमला शिकताना, आणि नंतर नव्या मुलामुलींबरोबर पाण्यात उतरताना, हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की त्याचं उत्तर एकदा नीट लिहावंसं वाटलं. माझं मत आधीच सांगतो. दोरी नको. बोर्डवर बांधायचा हवेचा गोळा चालेल. पण दोन्हींच्या आधी अपविंड बॉडी ड्रॅग, म्हणजे बोर्डशिवाय, काइटच्या ओढीने पाण्यातून वारा येतो त्या बाजूला तिरकं सरकत जाणं, यायला हवा, आणि तोही लाटा तोंडावर आपटत असताना.

आधी बोर्ड मागे का राहतो ते समजून घ्या, कारण सगळी साधनं त्या एकाच अडचणीसाठी निघाली आहेत. तुम्ही पडता, पाय पट्ट्यांतून निघतात. काइट बारा वाजता, म्हणजे थेट डोक्यावर आणलात तरी तो तुम्हाला वाऱ्याबरोबर हळूहळू खाली ओढत राहतो. बोर्ड पाण्यावर चपटा पडलेला असतो, त्याला वारा फारसा धरत नाही. तोही वाहतो, पण तुमच्यापेक्षा सावकाश. त्यामुळे तो कायम वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, राहतो आणि दर मिनिटाला अंतर वाढतं. पोहून जावं, तर काइट मागे खेचतो.

सपाट पाण्यात हे सगळं डोळ्यांसमोर घडतं. चॉपमध्ये, म्हणजे वाऱ्याने खवळलेल्या पाण्यात, तसं नाही. पाण्यात पडलेल्या माणसाचे डोळे पृष्ठभागापासून वीतभर वर असतात, आणि अर्ध्या मीटरच्या आखूड, उलटसुलट लाटाही पंधरा मीटरवरचा बोर्ड झाकून टाकतात. एका लाटेवर तो दिसतो, पुढच्या तीन लाटांवर दिसत नाही. नवा माणूस घाबरतो तो इथे, आणि दोरी हवीशी वाटते तीही इथेच.

गोव्यात मोरजी, आश्वे, मांद्रे या पट्ट्यात दुपारी खारे वारे वायव्येकडून येतात. किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे वारा तिरका किनाऱ्याकडे वाहतो, बहुतेक वेळा 10 ते 15 नॉट. सुटलेला बोर्ड आज ना उद्या वाळूवर लागतोच. अपवाद मोरजीच्या दक्षिण टोकाचा, जिथे शापोरा नदी समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळी तिथलं पाणी बोर्डला आणि तुम्हालाही समुद्राकडे नेतं, तेव्हा नव्या माणसाने तिथे उतरू नये. (मोरजीला कासवांची अंडी जपण्यासाठी कुंपण घातलेलं असतं. त्याच्या आसपास काइट उतरवू नका, बोर्ड टेकवू नका.)

रामेश्वरमचं गणित वेगळं. उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचं आखात, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. हिवाळ्यात ईशान्येचा वारा उत्तर किनाऱ्यावर थेट येतो, तिथे चॉप उठतो, आणि दक्षिण बाजूला पाणी सपाट राहतं. उन्हाळ्यापासून पुढे नैऋत्य वाऱ्यात नेमकं उलटं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पाणी सपाट असतं त्या बाजूला वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतो. तिथे सुटलेला बोर्ड किनाऱ्याला लागत नाही, आत जातो. चॉपी बाजूला त्रास जास्त, पण बोर्ड किनाऱ्याकडे येतो. म्हणून चॉपी पाणी मी नव्या माणसासाठी वाईट मानत नाही. सपाट बाजूला मात्र सुटका-बोट तयार असल्याशिवाय उतरू नये.

आता दोरीबद्दल. काइटची सेफ्टी लीश, म्हणजे काइट तुमच्याशी बांधून ठेवणारी दोरी, वेगळी, ती कायम लावलेलीच हवी, तिच्याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो बोर्ड लीशचा, म्हणजे बोर्ड तुम्हाला बांधणाऱ्या दोरीचा. ही कल्पना सर्फिंगमधून आली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या पॅट ओ'नील यांनी सर्जिकल रबराच्या नळीची लीश वापरात आणली. त्यांचे वडील जॅक ओ'नील, ज्यांनी सर्फिंगचे वेटसूट घरोघरी पोचवले, त्यांचा डावा डोळा अशाच एका लीशने परत फेकलेल्या बोर्डमुळे गेला. पुढे सर्फिंगने कमी ताणणारी दोरी स्वीकारली आणि तो धोका बराच कमी झाला. काइटसर्फिंगमध्ये तो कमी होत नाही. सर्फरला लाट ओढते आणि सोडून देते, पण काइटसर्फरला काइट ओढतच राहतो. बोर्डची कड पाण्यात रुतते, तो नांगरासारखा अडतो, दोरी ताणत जाते, आणि लाटेने बोर्ड मोकळा केला की सगळा साठलेला ताण एका क्षणात तुमच्याकडे सुटतो. बोर्ड येतो तो डोक्याच्या मागच्या बाजूने, कारण तुमचं तोंड काइटकडे असतं. फिन (बोर्डखालचं पातं) पुढे असेल तर जखम खोल होते. लाटा जितक्या जास्त, तितका बोर्ड जास्त वेळा रुततो आणि तितक्याच वेळा सुटतो. ज्या पाण्यात लीशची गरज सगळ्यात जास्त वाटते, त्याच पाण्यात ती सगळ्यात धोक्याची ठरते.

रील लीश, म्हणजे हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) अडकवलेल्या डबीतून दोरी सुटणारी आणि परत गुंडाळली जाणारी, ही सुधारित मानली जाते. दोरी मोकळी सुटते तोवर ताण साठत नाही, हे खरं. पण ती संपली की पुन्हा तेच. शिवाय डबीत वाळू आणि मीठ जातं, दोरी मध्येच अडकते, आणि अडकलेली रील ही साधी लीशच असते. दोरी पायाभोवती, बारभोवती (काइट चालवायच्या दांड्याभोवती) गुंडाळते ते वेगळंच. ज्यांना लावायचीच आहे त्यांनी हेल्मेट घातल्याशिवाय लावू नये. आणि हेल्मेट घातलंय म्हणून लीश सुरक्षित झाली असंही समजू नये, कारण चेहरा, मान आणि बरगड्या उघड्याच राहतात.

हवेच्या गोळ्याचं तत्त्व वेगळं आहे. ओशन रोडिओचा गो-जो हा यातला सगळ्यात माहितीचा. तो बोर्डवर बांधला की बोर्ड पाण्यावर चपटा पडून राहू शकत नाही, कलतो, त्याच्या पृष्ठभागाला वारा धरतो आणि तो वाऱ्याबरोबर खाली येऊ लागतो. तुमच्या आणि बोर्डच्या मध्ये कोणतीही दोरी नाही, म्हणून ताण नाही. रंगीत गोळा लाटांमध्ये लांबून दिसतो, आणि माझ्या मते चॉपमध्ये त्याचा अर्धा फायदा या दिसण्यातच आहे. पण तो बोर्ड तुमच्या हातात आणून देत नाही. बोर्ड येतो तो वाऱ्याच्या रेषेत, तुम्ही असता त्याच्या डावी-उजवीकडे, आणि काइट तुम्हालाही खाली नेत असतो. तेव्हा आडवं सरकून त्याच्या वाटेवर जावं लागतं आणि स्वतःचं वाहणं कमी करावं लागतं. म्हणजे बॉडी ड्रॅग पुन्हा आलाच. हलक्या वाऱ्यात गोळा मंद चालतो. जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात त्याच गोळ्यामुळे बोर्ड जास्त वेगाने आत जातो, तिथे तो काढून ठेवा.

बॉडी ड्रॅगवर मी जास्त लिहिणार आहे, कारण शिकवताना यावर सगळ्यात कमी वेळ दिला जातो. सगळ्यांनाच लवकर बोर्डवर उभं राहायचं असतं.

काइट डाव्या बाजूला साडेदहा किंवा उजव्या बाजूला दीडच्या आसपास ठेवा आणि तिथेच स्थिर धरा. उजवीकडे जायचं असेल तर काइट उजवीकडे, डावा हात बारच्या मधोमध, आणि उजवा हात वाऱ्याच्या वरच्या अंगाला पाण्यात सरळ ताणलेला. शरीर उजव्या कुशीवर, पाय जुळलेले, कंबर ताठ. पाण्यातला हात होडीच्या कण्याचं काम करतो, खाली सरकू देत नाही. त्या हाताने पाणी मारायचं नाही, तो फक्त धरून ठेवायचा. नजर काइटकडे नको, जायचंय त्या दिशेला हवी. काइटची जागा बारवरच्या ओढीतून कळते, आणि हे कळायला लागणं हीच खरी शिकवण आहे.

चॉपमध्ये यात तीन बदल करावे लागतात, आणि हे मला कुणी एका वेळी सांगितले नाहीत, पाण्यात सुटे सुटे सापडले. पहिला, हात नेहमीपेक्षा खोल ठेवा. वरवर ठेवलेला हात प्रत्येक लाटेच्या खळग्यात उघडा पडतो आणि तेवढ्यात तुम्ही दोन मीटर खाली जाता. दुसरा, काइट थोडा खाली आणा. वर असला तर तो शरीराला उचलतो, आणि उचललेल्या शरीराची पाण्यातली पकड सुटते. खालचा काइट आडवा ओढतो आणि तुम्ही पाण्यात दबून राहता. फार खाली मात्र नको, लाटेने तुम्ही हललात तर तो पाण्याला टेकेल. तिसरा, श्वास. तोंड वाऱ्याकडे असतं, लाट तिकडूनच येते. लाट समोर दिसली की श्वास रोखा, मान काइटच्या बाजूला वळवा, लाट गेली की श्वास घ्या. ही लय सापडली की घाबरणं आपोआप कमी होतं. फुगीर लाइफ जॅकेट घातलं असेल तर शरीर पाण्याच्या वर राहतं आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकणं कठीण जातं. म्हणून अनेक जण पातळ इम्पॅक्ट व्हेस्ट (आपटल्याचा मार झेलणारं जाकीट) घालतात. पण तो लाइफ जॅकेटची जागा घेत नाही, तेव्हा पोहता न येणाऱ्याने हा बदल करू नये.

आता बोर्डपर्यंत जायचं कसं. पडल्याबरोबर काइट बारावर आणि मान मागे. बोर्ड दिसतोय तोवरच किनाऱ्यावरची एक खूण त्याच्या रेषेत धरा: ताडाचं झाड, शॅकचं लाल छप्पर, मोबाइलचा टॉवर. मासेमारीला जाणारे कोळी समुद्रातली जागा ओळखायला किनाऱ्यावरच्या खुणा अशाच रेषेत धरतात. बोर्ड किनाऱ्याच्या बाजूला नसेल, तर काइटच्या दिशेवरून वारा कुठून येतोय ते पक्कं करा. बोर्ड त्याच रेषेत वर आहे. मग एका बाजूला लांब टॅक, म्हणजे वाऱ्याच्या तिरक्या दिशेने एक फेरी, घ्या. अगदी छोटे टॅक मारू नका, कारण प्रत्येक वळणावर काइट बारावरून जाताना थोडी कमाई हातची जाते. बोर्ड तुमच्या आडव्या (वाऱ्याला काटकोनातल्या) रेषेच्या किंचित खाली आला असं वाटलं की वळा. वळताना काइट सावकाश फिरवा, हात बदला, आणि मगच दुसऱ्या कुशीवर जा. बोर्डच्या थेट नेमावर येऊ नका, त्याच्या दोन-तीन मीटर वर या आणि शेवटी वाऱ्याबरोबर त्याच्यावर उतरा. नेम चुकून खाली गेलात तर सगळा टॅक पुन्हा.

शेवटचे दोन मीटर सगळ्यात जपायचे. लाटेवर उसळणारा बोर्ड दातांवर येतो. मोकळा हात चेहऱ्यासमोर ठेवा आणि पकडा ती मधली मूठ, कड नव्हे. लाटा फुटतात त्या पट्ट्यात बोर्ड आणि किनारा यांच्या मध्ये कधीही थांबू नका. तिथे बोर्डच्या मागे लागायचीही गरज नसते, फेसाळ पाणी त्याला वाळूवर नेऊन टाकतं.

सराव असा करा. सपाट किंवा हलक्या चॉपच्या पाण्यात, प्रशिक्षक जवळ असताना, बोर्ड मुद्दाम सोडा, काइट बारावर ठेवून दहापर्यंत मोजा, मग परत मिळवा. जमलं की वीसपर्यंत. दोन्ही बाजूंनी करा, कारण प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते आणि बोर्ड सुटतो तो नेमका तिकडे. वीसच्या मोजणीनंतरही बोर्ड हाती येऊ लागला, की मग गोळा घ्यायचा की नाही ते ठरवा. रंग निवडता आला तर नारिंगी किंवा पिवळा बोर्ड घ्या. निळा, पांढरा, राखाडी बोर्ड चॉपमध्ये दिसतच नाही.

आणि बोर्ड सोडून द्यायची वेळही ओळखा. हात थकले, वारा वाढला किंवा पडू लागला, सूर्य कलला, किंवा चार-पाच टॅकनंतरही बोर्ड दिसत नाही: बोर्ड विसरा आणि बॉडी ड्रॅग करत किनारा गाठा. पोचल्यावर सगळ्यात आधी तिथल्या लोकांना सांगा की तुम्ही सुखरूप आहात. रिकामा बोर्ड तरंगताना दिसला की कोणीतरी माणूस बुडाला समजून शोध सुरू होतो. उलट कोणी परत आलं नसेल तर तटरक्षक दलाचा शोध आणि बचावाचा क्रमांक 1554 आहे. बोर्डवर पुसणार नाही अशा शाईने तुमचं नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा. मच्छीमारांना सापडलेला बोर्ड त्या नंबरवरच परत येतो, आणि तो घ्यायला स्वतः त्यांच्या वाडीवर जा.