सशाच्या लेंड्या, लव्हबर्डची शीट आणि माझी वांगी

मे महिन्यात आणि दिवाळीत साताऱ्यातली ओळखीची मंडळी गावाला निघाली की आपापली जनावरं माझ्याकडे ठेवून जातात. कुत्री-मांजरं मी घेत नाही, त्यामुळे येतात ते ससे, गिनिपिग, लव्हबर्ड, हॅमस्टर, क्वचित काचेच्या टाकीतलं कासव. घरचे दोन ससे आहेतच. पहिलं वर्षभर मी पिंजऱ्यांतली सगळी घाण पिशवीत बांधून घंटागाडीत टाकत होते. एकदा गाडीवरच्या पोरानं विचारलं, "काकू, रोज एवढं जड काय असतं ओ?" मी म्हटलं, "लेंड्या." आणि माझी मलाच लाज वाटली. माझं माहेर माण तालुक्यातलं. धनगराची मेंढरं रानात एक रात्र बसवायची म्हणून वडील त्याला ज्वारी मोजून द्यायचे. लेंडीखतासाठी धान्य देणाऱ्या माणसाची लेक फुकटचं खत घंटागाडीला घालत होती.

तेव्हापासून एकच प्रश्न विचारते. जनावर खातं काय? गवत-पाला खाणाऱ्याचं खत बिनधास्त वापरायचं. दाणे खाणाऱ्या पक्ष्याचं कुजवून, धीरानं. मांस-किडे किंवा सगळंच खाणाऱ्याचं भाजीपाल्याला नाही म्हणजे नाही.

ससा या यादीत पहिला. दिवसाला दोन-तीनशे लेंड्या सहज टाकतो, कोरड्या, वाटाण्याएवढ्या, वास जवळजवळ नाही. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असतं, सशाच्या लेंडीत दोन टक्क्यांच्या आसपास. तरीही ती उष्ण पडत नाही, कारण झाड जाळणारं नत्र जास्त करून मुतात असतं. लेंडीतलं हळूहळू सुटतं. म्हणून सशाच्या लेंड्या न कुजवता थेट कुंडीत घालता येतात. बारा इंची कुंडीला एक ओंजळ, खोडापासून चार बोटं लांब, वर दोन बोटं माती. वरच ठेवल्या तर वाळून खडा होतात आणि पावसात बुरशी धरतात. गिनिपिगलाही हेच सगळं लागू, फक्त त्याच्या लेंड्या लांबट असतात.

कधीकधी पिंजऱ्यात मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या लहान घोसासारखा पुंजका दिसतो. लोक घाबरून फोन करतात, जुलाब झाले म्हणून. ते जुलाब नव्हेत. ससा ती पहिली मऊ विष्ठा एरवी स्वतःच खाऊन टाकतो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. राहिलीच तर कुंडीत नको, खत कुजवायच्या डब्यात टाका. भयंकर चिकट असते.

थेट घालता येतात म्हणजे जंतू नसतात असं मात्र नाही. कोथिंबीर, मेथी, मुळा, म्हणजे मातीला टेकलेलं जे आपण खातो, त्याच्या कुंडीत ताज्या लेंड्या घातल्या तर काढणीला मध्ये १२० दिवस जायला हवेत. टोमॅटो-वांग्यासारखं फळ मातीपासून वर असेल तर ९० दिवस. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत न कुजवलेल्या शेणखतासाठी हीच मुदत आहे आणि मी ती पाळते. कोथिंबीर दीड महिन्यात संपते, तेव्हा तिच्या कुंडीत ताजी लेंडी कधीच पडत नाही.

माझी चूक झाली ती भुशात. पिंजऱ्यात सुताराकडचा रंध्याचा भुसा अंथरत होते. एका जूनमध्ये तो मुताभुशासकट उचलला आणि वांग्याच्या सहा कुंड्यांत मिसळला. पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी, मग त्यांच्या वरची. मला वाटलं पाणी जास्त झालं. पाणी तोडलं, तर आणखी पिवळी. नंतर कळलं की लाकडाचा भुसा कुजवणारे जीवाणू स्वतःच्या पोटासाठी मातीतलं नत्र ओढून घेतात आणि झाड उपाशी राहतं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली की नत्राची उपासमार समजायची. मग हाताला लागला तेवढा भुसा खरवडून काढला आणि शेंगदाणा पेंड रात्रभर भिजवून तिचं पातळ पाणी आठवड्याच्या अंतरानं दोनदा दिलं. नवी पानं हिरवी यायला तीन आठवडे लागले. आता भुशाऐवजी वाळलेलं गवत किंवा वर्तमानपत्राच्या पट्ट्या अंथरते आणि अंथरूण काहीही असो, ते डब्यातून गेल्याशिवाय कुंडीत जात नाही. सुताराकडून भुसा घेतलाच तर प्लायवूड कापल्याचा नको, त्यात डिंक-रसायनं असतात. मांजरांसाठी मिळणारी गोळा होणारी मातीही डब्यात नको, ती चिखल होऊन बसते.

डबा म्हणजे रंगाची वीस लिटरची बादली. सळई तापवून तळाला आठ-दहा आणि बाजूंना वीसेक भोकं पाडा. खाली नारळाच्या शेंड्या. त्यावर एक भाग पिंजऱ्यातला माल, दोन-तीन भाग वाळका पाला. आंब्याचा पाला जाड असतो, चुरगळून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनीही पानाच्या शिरा मोजता येतात. मधूनमधून मूठभर जुनी माती, विरजण म्हणून. आठवड्यातून एकदा खालवर करा. मूठ दाबली तर गोळा व्हावा आणि बोटांतून एखादाच थेंब यावा. नाकात झोंबणारा वास आला तर मूत जास्त झालं, पाला वाढवा. सडक्या अंड्याचा वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी. डबा रिकामा करून कोरड्या पाल्यासकट पुन्हा भरा. वास मारायला चुना अजिबात टाकू नका, त्यानं अमोनिया उडून जातो, म्हणजे ज्याच्यासाठी खटाटोप चाललाय तेच जातं.

एक गोष्ट खताचे डबे विकणारे सांगत नाहीत. वीस लिटरचा डबा तापत नाही. जंतू मारायला ढिगाचा पोटातला पारा ५५ अंशांवर काही दिवस टिकावा लागतो आणि त्यासाठी ढीग तीन फूट लांब, रुंद, उंच असा तरी हवा. बाल्कनीत ते शक्य नाही. तेव्हा बादलीतलं खत चार महिन्यांनी काळं, भुसभुशीत झालं तरी ते तापून शुद्ध झालेलं नाही हे लक्षात ठेवून हात धुवा आणि भाज्या धुवा.

आता लव्हबर्ड. आपल्याकडे बजरीगरलाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात, मीही तेच म्हणते. पक्ष्याच्या शिटेतला पांढरा भाग म्हणजे त्याचं मूत, युरिक आम्ल. नत्र भरपूर आणि कोवळ्या रोपाला जाळणारं, म्हणून थेट कधीच नाही. एक भाग शीट तर पाच-सहा भाग पाला आणि डब्यात पूर्ण सहा महिने. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाळलेली शीट खरवडायची नाही. पोपटवर्गीय पक्ष्यांच्या शिटेच्या धुळीतून सिटॅकोसिस नावाचा फुप्फुसांचा ताप माणसाला होऊ शकतो. आधी पाणी फवारून ट्रेमधला कागद ओला करायचा, मास्क लावायचा, मग कागदासकट गुंडाळून डब्यात. घरात कुणाला दमा असेल तर हे खत करूच नका. आणि इमारतीच्या डक्टमधली कबुतरांची शीट गोळा करण्याचा उत्साह कृपा करून आवरा, तिच्यातल्या बुरशीनं लोक आजारी पडतात.

पक्ष्यांच्या ट्रेमध्ये निम्मा माल सांडलेल्या राळ्याचा असतो. बादली तापत नसल्यानं ते दाणे मरत नाहीत. माझ्या गुलाबाच्या कुंडीत श्रावणात चार कणसं लागली होती. शेजारीण विचारत होती की ही गुलाबाची कुठली जात!

बाकीच्यांचं थोडक्यात. हॅमस्टर सगळं खातो. त्याचा माल कुजवून फक्त फुलझाडांना. पाण्यातल्या कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू असू शकतो, त्याच्या टाकीचं पाणी जास्वंदीच्या बुंध्याशी ओता, भाजीवर नाही, आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये तर मुळीच नाही. माशांच्या टाकीचं पाणी मात्र सोनं. स्पंज पिळलेलं गढूळ पाणी थेट झाडांना द्या, फक्त त्यात मीठ किंवा औषध घातलेलं नसावं. पाठीवर चांदण्या असलेलं देशी कासव आणि देशी पोपट माझ्याकडे आणू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ते पाळणंच गुन्हा आहे, खताची गोष्ट पुढची. आणि कुत्र्या-मांजराचं का नाही, तर त्यांच्या विष्ठेतली जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात.

सशाला खरजेसाठी आयव्हरमेक्टिन दिलं असेल तर पुढच्या महिन्याभराच्या लेंड्या वेगळ्या ठेवा. ते औषध विष्ठेतून बाहेर पडतं आणि शेणातल्या किड्यांना मारतं. गांडूळ डब्यात अशा लेंड्या मी घालत नाही. एरवी गांडुळांना सशाच्या लेंड्या फार आवडतात. फक्त मुतानं भिजलेलं गवत त्यांना देऊ नका, पळून जातात.

पावसाळ्यात डब्यात राखाडी, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या, असू द्या, त्या काम लवकर उरकतात. पण पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी दिसली तर ती हुमणीच्या जातीतली. ऊसवाल्यांना विचारा ती काय करते. कुंडीत गेली तर मुळं खाऊन टाकते. म्हणून खत वापरण्याआधी वाळूच्या चाळणीतून गाळते, अळ्या वेचून अंगणात टाकते आणि साळुंक्या दोन मिनिटांत ताट साफ करतात.

गाळलेलं खत बारा इंची कुंडीला दोन मुठी, दीड महिन्यातून एकदा. वांगी, मिरची, टोमॅटोला फूल लागल्यावर एक मूठ जादा. शोभेच्या निवडुंगांना आणि कोरफडीला काहीच नको, त्यांना उपाशी ठेवलेलंच बरं.